आजाऱ्याच्या उशाशी : कर्करोग, ईमान आणि कुटुंबाची जबाबदारी

हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, रमजान महिन्यात, मदीनेतून तीनशेहून थोडे अधिक लोक बद्रच्या मोहिमेवर निघाले. इस्लामच्या इतिहासात या लोकांना जो मान लाभला, तो अन्य कोणत्याही मोहिमेतील लोकांना लाभला नाही. परंतु माननीय उस्मान (रजि.) त्या दिवशी रणांगणावर नव्हते. त्यांच्या पत्नी आणि प्रेषितांच्या कन्या माननीय रुकय्या (रजि.) आजाराने अंथरुणाला खिळल्या होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच आपल्या जावयाला घरी थांबण्यास सांगितले. बद्रमध्ये प्रत्यक्ष हजर राहणाऱ्याइतके पुण्य आणि तितकाच वाटा तुम्हालाही मिळेल, अशी ग्वाही त्यांनी दिली. ही हकिकत सहीह बुखारीत माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. पुढे विजयाची वार्ता मदीनेत पोहोचली तेव्हा रुकय्या (रजि.) यांचे दफन चालू होते, असे चरित्रग्रंथांत नमूद आहे.

या एका घटनेत आपल्यासाठी तीन धडे आहेत. पहिला असा, की आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे मोठ्या उपासनांच्या पंक्तीतले कार्य आहे. ते ‘घरातले किरकोळ काम’ नव्हे. दुसरा असा, की येथे सेवा करणारा पुरुष आहे आणि आजारी त्याची पत्नी आहे. तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. रुकय्या (रजि.) बऱ्या झाल्या नाहीत, तरीही उस्मान (रजि.) यांच्या सेवेचे पुण्य तसूभरही कमी झाले नाही. सेवेचे मोल रोगी बरा होण्यावर अवलंबून नसते.

आपल्या नांदेड-लातूर भागात आजही कर्करोगाचे नाव उच्चारायला माणसे कचरतात. ‘मोठा आजार’ किंवा ‘गाठ’ एवढेच म्हणून विषय बदलला जातो. देगलूर नाक्यापासून उदगीर-औशापर्यंत अशा घरांतून इमामांना विचारले जाणारे प्रश्न जवळपास सारखेच असतात. अम्मीला सांगायचे की नाही? ही अल्लाहची शिक्षा तर नाही? केमो चालू असताना रोजे धरायचे का? या प्रश्नांचा विचार कुरआन आणि हदीसच्या प्रकाशात क्रमाने करू या.

आजार म्हणजे शिक्षा नव्हे

रोगी रात्री एकटा जागा असतो तेव्हा त्याला सर्वांत जास्त छळणारा विचार हाच असतो, की आपण असे काय पाप केले? दुर्दैवाने भेटीला येणारे काही लोकही तसेच सूचित करतात. त्यांनी लक्षात घ्यावे की माननीय आयेशा (रजि.) यांच्या सांगण्याप्रमाणे, प्रेषित (स.) यांच्याइतकी तीव्र वेदना सोसताना त्यांनी दुसऱ्या कोणालाही पाहिले नाही. माननीय इब्ने मसऊद (रजि.) भेटीस गेले असता प्रेषितांना ताप होता, आणि दोन माणसांना मिळून जितका ताप यावा तितका मला येतो, असे प्रेषितांनी त्यांना सांगितले. ज्यांच्यावर अल्लाहचे सर्वाधिक प्रेम, त्यांच्या वाट्याला इतकी वेदना आली. मग वेदना हा अल्लाहच्या नाराजीचा पुरावा कसा ठरेल?

हदीसची शिकवण याच्या अगदी उलट आहे. श्रद्धावंताला थकवा, आजार, चिंता, दुःख, एवढेच नव्हे तर पायात काटा जरी रुतला, तरी अल्लाह त्यामुळे त्याची पापे झाडून टाकतो. रोग्यापाशी बोलायची गोष्ट ही आहे.

सब्र म्हणजे अश्रू गिळणे, असाही एक गैरसमज आढळतो. प्रेषित याकूब (अलै.) यांचे डोळे पुत्रशोकाने पांढरे झाले, असे कुरआन सांगतो (१२:८४), तरीही त्यांचा सब्र आदर्श मानला गेला, कारण आपल्या दुःखाचे गाऱ्हाणे त्यांनी केवळ अल्लाहपाशी मांडले (१२:८६). प्रेषित अय्यूब (अलै.) यांनी दीर्घ आजारात आपल्या पालनकर्त्याला हाक मारली आणि आपल्याला पीडा झाल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले (२१:८३), त्याच अय्यूबना अल्लाहने सब्र करणारा उत्तम दास म्हणून गौरविले (३८:४४). तेव्हा केमोथेरपीनंतर आई कण्हत असेल, रडत असेल, तर ‘अम्मी, सब्र करा’ असे म्हणून तिला गप्प करू नये. तिचा हात हातात घेऊन बसावे. तेवढे पुरे असते.

उपचार घेणे हीच प्रेषितांची रीत

काही ग्रामीण अरबांनी प्रेषित (स.) यांना विचारले, की आम्ही औषधोपचार करावेत का? प्रेषितांनी होकार दिला आणि वार्धक्य वगळता प्रत्येक रोगासाठी अल्लाहने औषध ठेवले आहे, असे सांगितले (अबू दाऊद, तिर्मिजी). शाममध्ये प्लेगची साथ पसरल्याचे कळताच माननीय उमर (रजि.) वाटेतून परतले. अल्लाहने ठरविलेल्या नियतीपासून पळता काय, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी उत्तर दिले, की आम्ही अल्लाहच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. रोग ही नियती असेल तर औषधही नियतीच आहे.

सूरह फातिहा पढून दम करणे हदीसने सिद्ध आहे. ते अवश्य करावे. पण उपचारांच्या जोडीने करावे, उपचारांऐवजी नव्हे. कोणी बाबा गाठीवर लेप लावून, ताईत बांधून ‘ऑपरेशन करू नका, गाठ पसरेल’ असे सांगत असेल, तर तो दीनच्या नावावर रोग्याचा अमूल्य वेळ लुटत आहे. कर्करोगात हा वेळच निर्णायक असतो.

याचा एक पुरावा आपल्या शेजारचाच आहे. १९८२ पर्यंत लातूर ज्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याचा भाग होता, तेथील ४९७ गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांचा त्यात सहभाग होता. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटातील स्त्रियांची एचपीव्ही विषाणूसाठी केवळ एकदा तपासणी झाली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. त्या स्त्रिया कोठे परदेशात राहणाऱ्या नव्हत्या. आपल्यासारख्याच ज्वारीची भाकरी खाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या होत्या.

आपल्या भगिनी स्तनातील गाठ किंवा अवेळी होणारा रक्तस्राव लज्जेपोटी महिनोन् महिने लपवतात. हया हा ईमानचा भाग आहे यात शंका नाही. परंतु उपचारासाठी स्त्री डॉक्टर मिळाल्यास तिच्याकडे जावे, न मिळाल्यास पुरुष डॉक्टरांनीही आवश्यक तेवढा भाग तपासणे शरीअतने वैध ठरविले आहे. प्राण वाचविण्याच्या आड हयेला उभे करणे ही शरीअतची शिकवण नव्हे. तसेच, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; तरी तंबाखू आणि मिश्री आपल्या घरांतून गेलेली नाही. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, हा कुरआनचा आदेश (२:१९५) येथेही लागू होतो.

सांगावे की लपवावे?

अहवाल हाती आला की बहुतेक घरांत पहिला निर्णय होतो तो लपवण्याचा. मुले आपसात कुजबुजतात, फाइल कपाटात जाते, आणि रोग्याला ‘साधी गाठ आहे’ असे सांगितले जाते. यामागे प्रेम असते, हे नाकारता येणार नाही. पण परिणाम काय होतो? रोग्याचे केस गळतात, वॉर्डातली शेजारीण सर्व काही सांगून टाकते आणि आईला दोन आघात एकदम सोसावे लागतात : रोगाचा आणि आपल्याच लेकरांनी फसवल्याचा.

प्रौढ व शुद्धीवर असलेल्या माणसावर काही हक्क बाकी असतात. कोणाचे कर्ज फेडायचे असते, कोणाची अमानत परत करायची असते, कोणाची क्षमा मागायची असते, कजा रोजे राहिलेले असतात. ज्याच्यापाशी वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याविना दोन रात्रीही घालवू नयेत, असे प्रेषितांनी शिकविले आहे. रोग्यापासून सत्य दडवले तर ही सारी संधीही हिरावली जाते.

‘वसीयतीचा विषय काढला तर रोगी खचेल’ अशी भीती वाटते. येथे माननीय सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांचे उदाहरण पाहावे. मक्केत ते इतके आजारी पडले की जगण्याची आशा उरली नव्हती. प्रेषित (स.) त्यांच्या भेटीस आले. सअद यांनी सर्व संपत्ती दान करण्याविषयी विचारले. प्रेषितांनी नकार दिला. अर्धी? तिलाही नकार. मग एक तृतीयांशापर्यंत अनुमती देऊन तेही पुष्कळ आहे, वारसांना संपन्न सोडून जाणे हे त्यांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा उत्तम, असे समजावले. त्याच भेटीत त्यांनी सअद यांच्यासाठी दुआ केली आणि ते पुढेही जगतील अशी आशा दिली. सअद (रजि.) त्यानंतर अनेक दशके जगले आणि इराकच्या विजयाचे सेनापती झाले. वसीयतीची चर्चा आणि जगण्याची आशा एकाच बैठकीत मावू शकतात, हेच या हदीसमधून दिसते.

म्हणून सत्य सांगावे, पण एकदम लोटून देऊ नये. रोग्याला किती जाणून घ्यायचे आहे हे आधी विचारावे. डॉक्टर, घरातील एक विश्वासू व्यक्ती आणि रोगी, एवढ्यांनीच शांतपणे बसावे. रोगाचे नाव सांगताना उपचारही त्याच वाक्यात सांगावा. एखादा रोगी स्वतःहून ‘मला तपशील नको, तुम्हीच पाहा’ म्हणाला, तर त्याचाही मान राखावा.

सेवा कोणाच्या वाट्याची?

आपल्या समाजात सासूचा आजार आला की सारा भार सुनेच्या खांद्यावर पडतो. मुलगा दुकानात, मुलगी सासरी. डबा, औषधे, चादरी, रात्रीचे जागरण हे सर्व सुनेकडे. हनफी फिकहनुसार सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर कायदेशीर कर्तव्य म्हणून लादलेली नाही. ती करते तो तिचा उपकार आहे आणि त्याचे पुण्य मोठे आहे. कर्तव्य आहे ते मुला-मुलींचे. आईवडील वार्धक्यास पोहोचल्यास त्यांना ‘हूं’देखील म्हणू नये आणि त्यांच्यापुढे नम्रतेचे पंख झुकवावेत, हा कुरआनचा आदेश (१७:२३-२४) लेकरांना आहे. तेव्हा भावाबहिणींनी एकत्र बसून वाटणी करावी : रुग्णालयात कोण जाईल, रात्री कोण जागेल, पैशांचा हिशेब कोण ठेवील, रोग्याच्या लहान मुलांची शाळा कोण पाहील. कागदावर लिहावे. तोंडी वाटणी आठवड्यात विसरली जाते आणि भांडणाचे कारण होते.

पत्नी आजारी पडली की तिला माहेरी पाठवून देण्याची जी प्रथा कोठे कोठे दिसते, तिच्याविषयी मी अधिक काय लिहू? कुरआनने पतीला पत्नीशी भलेपणाने नांदण्याची आज्ञा दिली आहे (४:१९). या आज्ञेत ‘ती निरोगी असेपर्यंत’ अशी अट नाही. शस्त्रक्रियेने जिचा देह बदलला, केमोने जिचे केस गेले, तिला या काळात पतीच्या नजरेची जितकी गरज असते तितकी कशाचीही नसते. उस्मान (रजि.) बद्र सोडून कोणापाशी बसले होते, हे प्रत्येक पतीने आठवावे.

सेवा करणाऱ्याच्या देहाचाही त्याच्यावर हक्क आहे, हेही प्रेषितांनीच शिकविले आहे. रात्रंदिवस एकट्याने झिजणारा माणूस महिन्याभरात चिडचिडा होतो आणि मग सेवेचे रूपांतर उपकार मोजण्यात होते. त्याला झोप मिळेल, जेवण मिळेल, तास-दोन तास मोकळे मिळतील, याची काळजी घेणे हीदेखील रोग्याचीच सेवा होय.

नमाज, रोजा आणि औषधे

माननीय इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. प्रेषितांनी त्यांना उभे राहून, ते शक्य नसल्यास बसून, तेही शक्य नसल्यास कुशीवर पडून नमाज अदा करण्यास सांगितले. कर्करोगाच्या रोग्यासाठी हाच मूळ नियम आहे. पाण्याने अपाय होत असेल तर तयम्मुम आहे (५:६). शस्त्रक्रियेची पट्टी असल्यास तिच्यावरून ओला हात फिरवावा. रेडिएशनसाठी त्वचेवर केलेल्या खुणा घासून पुसू नयेत. ज्याला लघवीची नळी किंवा पोटावर शौचाची पिशवी लावली आहे आणि स्राव थांबत नाही, तो ‘माजूर’ ठरतो. हनफी मतानुसार त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी एकदा वुजू करावा, त्या वेळेत स्राव चालू असला तरी नमाज होते. ‘माझे कपडेच पाक राहत नाहीत’ म्हणून नमाज सोडून रडणाऱ्या रोग्याला हा मसला आवर्जून सांगावा. आपल्या परिस्थितीचा तपशील स्थानिक मुफ्तींना विचारून घ्यावा.

रोज्याबाबत कुरआनने रोग्याला स्पष्ट सवलत दिली आहे (२:१८५). बरे झाल्यावर कजा करावी. बरे होण्याची आशाच नसेल तर फिदया द्यावा. डॉक्टरांनी मना केले असता हट्टाने रोजा धरणे ही अधिक धार्मिकता नव्हे. अल्लाहने दिलेली सवलत कृतज्ञतेने स्वीकारणे हीच बंदगी आहे.

मॉर्फिनविषयीही शंका विचारली जाते, कारण त्याचा संबंध नशेशी जोडला जातो. तीव्र वेदनेत डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत ते घेणे उपचारच आहे. गरजेपोटी आलुम्यांनी त्याला अनुमती दिलेली आहे. औषध हाताशी असताना बापाला रात्रभर तळमळत ठेवणे हा तकवा नव्हे.

जेवणासाठी जबरदस्ती करू नये. माननीय आयेशा (रजि.) आजाऱ्यासाठी तल्बीना, म्हणजे जवाच्या पिठाची पातळ पेज, करण्यास सांगत, त्याने आजाऱ्याच्या मनाला विसावा मिळतो असे प्रेषितांकडून त्यांनी ऐकले होते. केमोमुळे तोंड आलेले असताना अशी मऊ, कोमट पेज सहज घशाखाली उतरते. काय द्यावे, काय टाळावे, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

भेटीला जाणाऱ्यांसाठी

आजाऱ्याची भेट हा मुसलमानावर मुसलमानाचा हक्क आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह आपल्या दासाला विचारील, की मी आजारी होतो, तू माझ्या भेटीस का आला नाहीस? दास चकित होईल, तेव्हा त्याला सांगितले जाईल, की माझा अमुक दास आजारी होता, त्याच्यापाशी गेला असतास तर तुला मी तेथे भेटलो असतो (सहीह मुस्लिम). प्रेषित (स.) एका आजारी यहुदी मुलाच्या भेटीसही गेले होते, म्हणजे या पुण्याला धर्माची सीमा नाही.

परंतु भेटीचे नियम असतात. केमोच्या प्रत्येक मात्रेनंतर, साधारणतः सात ते चौदा दिवसांच्या काळात, रोग्याच्या पांढऱ्या रक्तपेशी खूप कमी होतात. अशा वेळी आपली साधी सर्दीही त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून सर्दी-खोकला असणाऱ्याने फोनवरच विचारपूस करावी. लग्नाहून परतताना जीपभर माणसे घेऊन आजाऱ्याच्या खोलीत शिरू नये. हात धुवावेत, थोडा वेळ बसावे, ‘अमक्याला हाच आजार होता, तो गेला’ असल्या कथा सांगू नयेत, नवे औषध सुचवू नये. प्रेषित (स.) आजाऱ्यापाशी जात तेव्हा काही भीती नाही, अल्लाहने इच्छिले तर हा आजार शुद्ध करणारा ठरेल, अशा आशयाची दुआ देत. तेवढे म्हणावे आणि निघावे. घरच्यांनीही ध्यानात ठेवावे, की या काळात रोग्याला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते.

पैसा, प्रवास आणि जकात

कर्करोग घराची शेतीही गिळतो. म्हणून उपलब्ध सोयी माहीत असणे आवश्यक आहे. आपल्या भागातील रोग्यांसाठी बार्शीचे रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि १९४१ मध्ये सुरू झालेले मुंबईतील परळचे टाटा रुग्णालय ही मोठी ठिकाणे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. आज तिच्यातून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि त्यांत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवावे व योजनेतील रुग्णालयात गेल्यावर प्रथम ‘आरोग्यमित्रा’ला भेटावे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला रेल्वेच्या स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाडे लागत नाही, सोबत्याला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित प्रमाणपत्र लागते. मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा वर्षानुवर्षे टाटाच्या रोग्यांना आसरा देत आली आहे.

जकातपात्र गरीब रोग्याला उपचारासाठी जकात देता येते. आपले आईवडील, मुले आणि पती-पत्नी यांना स्वतःची जकात देता येत नाही, त्यांच्यावर आपल्या मूळ पैशातूनच खर्च करावा. परंतु गरजू भाऊ, बहीण, मावशी, आत्या, चुलते यांना देता येते आणि त्यात नाते जपण्याचे पुण्यही मिळते. हनफी मतानुसार जकातीची रक्कम रोग्याच्या मालकीत जाणे आवश्यक आहे. म्हणून परस्पर रुग्णालयाचे बिल भरण्याऐवजी ती रोग्याच्या हाती द्यावी किंवा त्याच्या संमतीने भरावी. प्रत्येक मोहल्ल्याच्या मशिदीने अशा रोग्यांची, नाव गुप्त ठेवून, एक यादी केली तर कोणाला दारोदार जावे लागणार नाही.

उपचार थांबतात तेव्हा

काही वेळा डॉक्टर सांगतात, की आता रोग बरा करणारे उपचार उरले नाहीत. त्या दिवशी कुटुंबाचे काम संपत नाही, बदलते. वेदना शमवणे, अंग स्वच्छ ठेवणे, मन शांत ठेवणे हेही उपचारच आहेत. लाभाची आशा नसलेले कष्टदायक उपचार नको म्हणणारा रोगी पापी ठरत नाही. मात्र प्राण संपवण्यासाठी कोणतेही पाऊल उचलणे हराम आहे (४:२९). यातनांनी कंटाळून मृत्यूची इच्छा करू नये. जगण्यात भले असेल तोवर जगव आणि मरण्यात भले असेल तेव्हा उचल, असे अल्लाहकडे मागावे, अशी प्रेषितांची शिकवण आहे. अखेरच्या काळात अल्लाहविषयी चांगली आशा बाळगूनच मृत्यूला सामोरे जावे, असे प्रेषितांनी आपल्या निधनाच्या तीन दिवस आधी सांगितले होते. म्हणून रोग्यापाशी अल्लाहच्या कृपेच्या, क्षमेच्या गोष्टी कराव्यात; कबरीच्या भीतीच्या नव्हेत. कलमा त्याच्याजवळ हळुवारपणे म्हणत राहावा, ‘म्हणा, म्हणा’ असा आग्रह धरू नये.

आणि नंतर, ‘मुंबईला आधी नेले असते तर’ या विचाराने स्वतःला जाळू नये. शक्य तेवढे केले असेल तर पुढचे अल्लाहच्या हाती होते. उस्मान (रजि.) यांनी रुकय्या (रजि.) यांना मातीत ठेवले तेव्हा त्यांच्या हाती बरे झाल्याची बातमी नव्हती, बद्रमध्ये हजर राहिल्याचे पुण्य होते.

हे अल्लाह, आमच्या रोग्यांना आरोग्य दे, त्यांच्या वेदनांना पापमुक्तीचे साधन बनव, त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांच्या देहात बळ आणि वाणीत गोडवा दे, आणि जे तुझ्याकडे परतले त्यांच्यावर दया कर. आमीन.